सगळ्यांनी ४ वर गोल केला म्हणजे काय समजायचं? जपानी खेळाडूंची इमेजरी मोजण्याबद्दल

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तू ओसाकाकडे एका विद्यापीठाच्या मुलींच्या व्हॉलीबॉल टीमबरोबर फिजिओ म्हणून आहेस, मनातल्या मनात हालचाल बघायची आणि अंगात जाणवून घ्यायची त्यांची ताकद (हीच इमेजरी) किती आहे ते तुला मोजायचंय, इंग्रजी प्रश्नावली मिळाली ती तू आणि लॅबमधल्या मित्राने मिळून जपानीत उतरवली, २२ जणींकडून भरून घेतली आणि जिकडेतिकडे ७ पैकी ४ वर गोल. आता विचारतोयस की "ताई, सगळ्यांची इमेजरी मध्यमच आहे असं धरू का?"

नको धरू. मी तिकडे नऊ वर्षं काम केलंय, आधी जिम्नॅस्टिक्सच्या मुलींबरोबर आणि नंतर कराटेवाल्यांबरोबर, आणि त्यातून एक गोष्ट मला पक्की पटलीय ती अशी की इमेजरीच्या प्रश्नावलीत तुझं मोजमापाचं यंत्र म्हणजे ते वाक्य आहे, दुसरं काही नाहीच. गुडघ्याचा कोन मोजायला तुझ्याकडे गोनिओमीटर असतो, तो जपानीत पण तोच असतो. इथे तसं नाही. वाक्य बदललं की यंत्र बदललं. त्यामुळे २२ जणींचं काय चुकलं ते शोधण्याआधी तुझ्या वाक्यांकडे बघूया.

आधी जरा मागचं सांगते. मनातलं चित्र किती स्पष्ट दिसतं हे लोकांनाच विचारायचं ही पद्धत जुनी आहे, १८८० साली फ्रान्सिस गॅल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने लोकांना विचारलं होतं की आज सकाळचं नाश्त्याचं टेबल डोळ्यासमोर आणा आणि ते किती उजळ दिसतं, रंग दिसतात का ते सांगा. मार्क्सची व्हीव्हीआयक्यू ही प्रश्नावली १९७३ ची, तीही नुसत्या दृश्याबद्दल. खेळाच्या कामाची चीज आली १९८३ मध्ये, हॉल आणि पोंग्राक यांची एमआयक्यू, म्हणजे हालचालीच्या इमेजरीची प्रश्नावली, १८ प्रश्नांची, आणि तिची आटोपशीर आवृत्ती १९९७ ची एमआयक्यू-आर, फक्त ८ प्रश्न, म्हणजे चार हालचाली, प्रत्येक एकदा 'बघायची' आणि एकदा 'जाणवायची'. नंतर २०१२ ला एमआयक्यू-३ आली, त्यात बघण्याचे दोन भाग पाडले, स्वतःच्या डोळ्यांतून आणि बाहेरून, म्हणजे चार त्रिक बारा प्रश्न. आणि हे तू बघितलं नाहीस असं दिसतंय म्हणून मुद्दाम सांगते, एमआयक्यू-आरची जपानी आवृत्ती २००४ पासून प्रसिद्ध आहे. तयार आणि तपासलेलं भाषांतर असताना रात्री बसून आपलं वेगळं करायचं नाही, कारण मग तुझे आकडे कुणाच्याच आकड्यांशेजारी ठेवता येत नाहीत.

आता ही चाचणी कशी घ्यायची ते नीट बघ, कारण बहुतेक जण इथेच गडबड करतात. गुडघ्याची हालचाल घे. पोरगी सरळ उभी राहते, पाय जुळवून, हात बाजूला. मग उजवा गुडघा जमेल तेवढा वर उचलते, डाव्या पायावर तोल, मग हळूहळू पाय खाली. हे तिने खरोखर करायचंय. मग परत पहिल्यासारखं उभं राहायचं आणि आत्ताच केलेली हालचाल न हलता मनात करायची, आणि मग किती सोपं किंवा अवघड गेलं त्याला १ (फार अवघड) ते ७ (फार सोपं) असा आकडा द्यायचा. करायचं, थांबायचं, मनात करायचं, मग आकडा, हा क्रम मोडायचा नाही. तू लिहिलंयस की प्रॅक्टिसनंतर सगळ्यांना बाकावर बसवून कागद वाटले. म्हणजे गुडघा कुणी उचललाच नाही. मग त्यांनी आकडा दिला तो कशाला? "मला साधारण असं जमत असावं" या अंदाजाला. त्यातून ४ येणारच.

दुसरं कारण मला तुझ्या कागदावरच दिसलं. मूळ इंग्रजीत ४ चा अर्थ आहे ना सोपं ना अवघड. तू त्याला जपानीत "दोचिरातोमो इएनाइ" लिहिलंस. ते प्रत्येक जपानी सर्व्हेच्या मधोमध असतं हे खरं, पण त्याचा शब्दशः अर्थ "दोन्हींपैकी काही सांगता येत नाही" असा आहे, म्हणजे जिला खरंच मध्यम जमलं ती पण तिथे गोल करणार आणि जिला उत्तर द्यायचंच नाहीये ती पण तिथेच. दोघी वेगळ्या आहेत आणि तुझ्या शीटवर एकच दिसतात. मधल्या आकड्याला पण प्रमाणाचं नाव दे, थोडं सोपं थोडं कठीण अशा अर्थाचं, म्हणजे तो पळवाटेसारखा वापरला जाणार नाही.

हो, पूर्व आशियातली मुलं मधला आकडा जास्त निवडतात हे खरं आहे, १९९५ मध्ये चेन, ली आणि स्टीव्हनसन यांनी जपान, तैवान, कॅनडा आणि अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या उत्तरांची तुलना केली होती, त्यात जपानी आणि चिनी मुलं मध्यावर जास्त गेली आणि अमेरिकन मुलं टोकांना. पण तो फरक डोंगराएवढा नव्हता. "जपानी लोक असेच असतात" म्हणून सगळं त्यावर ढकललं की आपल्या कागदातल्या चुका झाकल्या जातात, आणि हे मी भरपूर पाहिलंय, विशेषतः बाहेरून गेलेल्या आपल्यासारख्यांकडून.

आता शब्द. इथे मी जरा रमणार आहे.

जपानीत 'इमेजी' हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे, इमेज ट्रेनिंगला मुलं सरळ 'इमेतोरे' म्हणतात, शाळेच्या क्लबात पण. त्यामुळे वाटतं की "इमेजी करा" म्हटलं की काम झालं. पण त्याच शब्दाचा अर्थ छाप, प्रतिमा, साधारण कल्पना असा पण होतो, एखाद्या कंपनीची इमेजी वाईट आहे वगैरे. तर "सर्व्हिसची इमेजी करा" म्हटल्यावर एक मुलगी हात वर जाताना बघते आणि दुसरी नुसतं मनात म्हणते की हां, सर्व्हिस म्हणजे जोरात, लाइनवर. दुसरीने चित्र पाहिलंच नाही, तिने विचार केला. शास्त्रीय शब्द 'शिन्झो' आहे, पण तो ऐकायला हृदयासाठीच्या शब्दासारखाच आहे, लिपीत वेगळा, कानाला एकच, म्हणून तोंडी सूचनेत तो कधीच वापरू नकोस. मला सगळ्यात भरवशाचं वाटलं ते 'ओमोइउकाबेरु', म्हणजे मनात तरंगत वर आणणं, त्यात काहीतरी समोर येतं हे आपोआप आहे.

आणि प्रमाणाला सोपं-अवघड लिहिताना 'मुझुकाशी', म्हणजे अवघड, हा शब्द टाळ. तिकडे नकार द्यायचा तरी "जरा मुझुकाशी आहे" असंच म्हणतात, त्यामुळे त्या शब्दाला नम्रपणे मागे सरण्याचा वास आहे. क्रियापदाला 'यासुइ' आणि 'निकुइ' जोडून "मनात आणायला सहज जातं", "मनात आणायला जड जातं" असं होतं, ते त्या कृतीबद्दलच बोलतं, मुलीच्या लायकीबद्दल नाही. स्पष्टपणासाठी पुस्तकी 'सेन्मेइ' पेक्षा 'हाक्किरि' आणि त्याच्या विरुद्ध 'बोन्यारि' घे, आपल्याकडे लख्ख आणि पुसट म्हणतो ना तसे ते शब्द आहेत, बारावीच्या पोरीला पण विचार न करता कळतात.

जाणवण्याच्या प्रश्नांत तर मोठा खड्डा आहे. 'कान्जिरु' हे क्रियापद अंगातल्या जाणिवेला पण चालतं आणि मनातल्या भावनेला पण. मराठीत आपल्याला 'जाणवणं' आणि 'वाटणं' असे दोन हाताशी आहेत म्हणून हे पटकन लक्षात येत नाही. माझ्याकडची एक जिम्नॅस्ट उडीच्या 'जाणवण्याला' सतत २ द्यायची, आणि बघण्याला ६. मी तिच्या शेजारी बसले, म्हटलं मोठ्याने सांग डोक्यात काय चाललंय. ती म्हणाली, "उडी मारते, पण काही विशेष फील होत नाही, आनंद बिनंद." ती भावना शोधत होती! मी म्हटलं मांडीत काय होतं, पोटरीत, जमिनीने पाय सोडला तो क्षण, उतरताना टाच आधी की चवडा? तिने डोळे मिटले आणि म्हणाली की चवडा, आणि उजवा जरा आधी. तेच वाक्य 'स्नायूंत, सांध्यांत काय होतं ते' असं करून परत दिलं तेव्हा ६ आला. तिची क्षमता बदलली नव्हती, वाक्य बदललं होतं. (तपासून छापलेल्या आवृत्तीतलं वाक्य असं मनाने बदलायचं नाही हं, तिथे तोंडी सूचना आणि सराव प्रश्न यातून हे समजावून द्यायचं आणि सगळ्यांना सारखंच द्यायचं.)

याच कामाला तिकडच्या कोचेसची भाषा भारी उपयोगी पडते. जपानी कोच हालचाल शिकवताना नादाचे शब्द फार वापरतात, 'गुत्तो' म्हणजे जोर लावून दाबल्यासारखं, 'सुत्तो' म्हणजे अलगद सरळ सरकल्यासारखं, 'फुवात्तो' म्हणजे हलकं तरंगल्यासारखं. आपण नाही का म्हणत सपकन, अलगद, खाडकन, तसंच, आणि म्हणून मराठी माणसाला हे लवकर उमजतं असं माझं मत आहे. मुलाखतीत विचार की मनातली ब्लॉकिंगची उडी गुत्तो होती की फुवात्तो. जिला खरंच अंगात जाणवलंय ती क्षणात सांगते आणि कधी कधी तुला दुरुस्त पण करते की नाही, आधी गुत्तो आणि वर गेल्यावर फुवात्तो. जिला जाणवलं नाही ती थांबते. तो थांबा लिहून ठेव, त्यात ४ च्या गोलापेक्षा जास्त माहिती आहे.

दृष्टिकोनाचं बघ. जपानीत कर्ता गाळतातच, वाक्यात 'मी' नसतो आणि असलाच तर 'जिबुन', म्हणजे आपण स्वतः. "स्वतः धावताना बघा" म्हटलं तर ते स्वतःच्या डोळ्यांतून की स्टँडवरून बसून, हे वाक्य सांगतच नाही. तर तुला ते ठोकून सांगावं लागतं, "व्हिडिओत दिसता तसं बाहेरून" किंवा "तुमच्याच डोळ्यांना जे दिसेल ते, म्हणजे जाळी, बॉल, पुढे आलेले तुमचे हात". हा फरक कागदापुरता नाहीये. हार्डी आणि कॅलो यांनी १९९९ मध्ये कराटेचा काता (ठरलेल्या हालचालींची मालिका), जिम्नॅस्टिक्स आणि रॉक क्लाइंबिंग यांवर दाखवलं की जिथे शरीराचा आकार महत्त्वाचा आहे तिथे बाहेरून बघण्याचा जास्त फायदा होतो. माझ्या काता करणाऱ्या मुलांना हे सांगावंच लागलं नाही, लहानपणापासून आरशासमोर आणि सेन्सेइच्या, म्हणजे गुरूच्या, नजरेसमोर वाढलेली, बाहेरचं चित्र त्यांना फुकट मिळालेलं होतं, आतून बघायला सांगितलं की अडखळायची. तुझ्या मुलींमध्ये लिबेरो (फक्त बचाव करणारी) आणि सेटर (बॉल चढवून देणारी) यांचं उलटं असू शकतं म्हणून सरासरी काढण्याआधी पोझिशनप्रमाणे वेगळं करून बघ.

तू व्हीएमआयक्यू-२, म्हणजे हालचालीचं चित्र किती स्पष्ट येतं ते विचारणारी प्रश्नावली, पण देणार म्हणतोयस. चांगली आहे, २००८ ची, १२ हालचाली, चालणं, पळणं, दगडाला लाथ मारणं अशा, प्रत्येक तीन प्रकारे, म्हणजे ३६ उत्तरं. पण तिचा आकडा उलटा आहे, १ म्हणजे सगळ्यात स्पष्ट आणि ५ म्हणजे काहीच चित्र नाही. एमआयक्यूच्या पाठोपाठ त्याच दिवशी दिलीस तर दमलेली पोरं अर्ध्यात दिशा विसरतात. माझ्याकडून एकदा हे झालंय, एका अख्ख्या गटाचा डेटा टाकून द्यावा लागला आणि त्या मुलांचा प्रत्येकी पाऊण तास वाया गेला याचं मला अजून वाईट वाटतं. वेगवेगळ्या दिवशी दे.

आणि एसआयएक्यू, म्हणजे खेळातल्या इमेजरीची प्रश्नावली, विल्यम्स आणि कमिंग यांची २०११ ची, बर्मिंगहॅमची. १५ प्रश्न, पाच भाग, कौशल्य, डावपेच, ध्येय, भावना आणि कठीण वेळी टिकून राहणं. खेळाच्या जवळची म्हणून मला ही आवडते, पण जपानी टीममध्ये दोन ठिकाणी फार सांभाळावं लागतं. ध्येयाच्या भागात स्वतःला मेडल मिळतंय असं चित्र आणायचं असतं. पहिल्या वर्षाची एक खेळाडू, अतिशय तल्लख मुलगी, तिने तिथे २ दिला. बाकी सगळीकडे ६. मी नंतर एकटीला विचारलं तर म्हणाली की चित्र तर लगेच येतं, पण मेडल सेन्पाइंचं (म्हणजे वरच्या वर्षांच्या मुलींचं), मी असं लिहिलं आणि कुणी पाहिलं तर? तो २ तिच्या इमेजरीचा नव्हता, टीममधल्या पायरीचा होता. उलट जिथे गोष्टी बिघडल्या तरी १०० टक्के मेहनत करण्याचं चित्र विचारतात तिथे भाषांतरात 'गानबारु' आला की संपलं, नेटाने झटणं हा तिकडे लहानपणापासूनचा संस्कार आहे, सगळे ७ देतात, कुणी २ कसा देईल. असे प्रश्न नुसत्या सरासरीने वाचू नकोस, आकड्यांचा पसारा बघ, सगळे एकाच टोकाला चिकटले असतील तर त्या वाक्याशी बोलायला हवं.

म्हणून कागद भरताना कॅप्टन आणि कोच खोलीत नकोत. नाव नको, कोड नंबर. आणि कागद मुलीने स्वतः पाकिटात घालून द्यायचा, पुढच्या बाकावरच्या सेन्पाइने गोळा करायचे नाहीत.

कागदाच्या बाहेरचं एक मोजमाप जरूर ठेव, स्टॉपवॉच. मुलीला तिची हालचाल खरी करायला लाव आणि वेळ घे, मग डोळे मिटून तीच मनात, सुरुवात आणि शेवटाला तिनेच बटण दाबायचं. इथे भाषा जवळजवळ नसतेच म्हणून मला याचा एवढा भरवसा. महिला जिम्नॅस्टिक्सचा फ्लोअर रूटीन जास्तीत जास्त ९० सेकंदांचा, एका मुलीचा मनातला ५० मध्ये संपायचा आणि प्रश्नावलीत मात्र ७. बसून टप्प्याटप्प्याने विचारलं तर उड्या स्वच्छ होत्या आणि मधलं नाचाचं सगळं ती गाळत होती, कोपऱ्यात उभं राहून घेतलेला श्वास तर नव्हताच. खोटं नव्हती बोलत, जे दिसत होतं ते खरंच लख्ख होतं. आपल्याला कामाला लागायला ते ४० सेकंद मिळाले. व्हॉलीबॉलमध्ये पूर्ण रॅली नको घेऊ, सर्व्हिसची तयारी घे, शिटी ते बॉलला हात लागेपर्यंत, ८ सेकंदांच्या आत सर्व्हिस करायचीच असते त्यामुळे प्रत्येकीची लय ठरलेली असते.

आकडेशास्त्राचं फार लांबवत नाही. २२ जणींवर प्रश्नावली 'व्हॅलिडेट' होत नाही, म्हणजे ती हवं तेच मोजते हे सिद्ध होत नाही, फॅक्टर अनालिसिसला (कोणते प्रश्न एकत्र जातात ते आकड्यांतून बघण्याला) दोनशेच्या पुढे माणसं लागतात. नवीन भाषांतर करायचंच असेल तर मूळ लेखकांची परवानगी, दोघांनी स्वतंत्र भाषांतर, तिसऱ्याने न बघता परत इंग्रजीत, मग सगळ्यांनी एकत्र बसून भांडणं, आणि त्यानंतर आठ-दहा खेळाडूंशेजारी बसून मोठ्याने विचार करवून घेणं. हा शेवटचा भाग लोक गाळतात आणि मला विचारशील तर तोच सगळ्यात मोलाचा, कारण उलट भाषांतरात 'कान्जिरु' परत 'फील' होऊन येतो आणि सगळे म्हणतात वा, जुळलं. दोन आठवड्यांनी परत भरून घ्यायचं म्हणजे आकडा टिकतो का ते दिसतं. आणि जपानी सरासरी ब्रिटिश सरासरीशेजारी ठेवून "कमी आहे" म्हणायचं असेल तर दोन्ही भाषांत प्रश्न सारखंच मोजतात हे आधी सिद्ध करावं लागतं. ते झालेलं नसेल तर तुलना करायची नाही, त्याच मुलीची तिच्याशीच कर, सीझनच्या सुरुवातीला आणि शेवटी.

एखादीने अगदी प्रामाणिकपणे सगळीकडे १ दिला तर घाबरू नकोस. काहींना मनात चित्र येतच नाही, झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्याला अफॅन्टेझिया नाव दिलं. ती मुलगी उत्तम खेळाडू असू शकते. तिला "अजून प्रयत्न कर" म्हणायचं नाही, जाणिवेच्या, लयीच्या, आवाजाच्या बाजूने तिच्याबरोबर काम करायचं.

तू शेवटी विचारलंयस की हे इकडे येऊन आपल्या खो-खो, कबड्डीच्या पोरांसाठी मराठीत करता येईल का. येईल, आणि करायला हवंच, पण तिथे आपला खड्डा वेगळा आहे. मराठीत आपण सवयीने म्हणतो "डोळ्यासमोर आण". त्या एका शब्दाने पोरगं फक्त बघायला लागतं, रेडरला मांडीत जी ओढ जाणवते ती राहूनच जाते. जाणवण्याच्या प्रश्नांत 'डोळे' हा शब्दच येऊ द्यायचा नाही, "अंगात कसं येतं ते सांग" म्हटलं की गावाकडची पोरं बरोबर सांगतात, मी कोल्हापूरकडच्या मुलांबरोबर थोडं करून पाहिलंय.

आत्ता तुझ्यासाठी एवढंच, ते २२ कागद बाजूला ठेव, टाकू नकोस. २००४ ची जपानी आवृत्ती मिळव, मुलींना तीन-तीनच्या गटात बोलाव, दमलेल्या नसतील अशा दिवशी, आणि गुडघा खरोखर उचलायला लाव. पहिल्या तिघींचं मोठ्याने बोललेलं त्यांना विचारून रेकॉर्ड कर आणि जसंच्या तसं जपानीत लिहून पाठव, तू भाषांतर करून पाठवू नकोस, मला त्यांचे शब्द हवेत.